काटकसर कोणाच्या ताटांतून?

काटकसरीचा उपदेश आपणांस नवा नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, थेंबें थेंबें तळें साचतें, ऋण काढून सण करूं नये, हीं वचनें आपल्या आजीनें आपल्या आईस सांगितलीं व आईनें आपणांस सांगितलीं. शाळेंत, सभेंत व बचत गटाच्या बैठकींत आजही तींच ऐकूं येतात, आणि तीं खोटीं आहेत असें म्हणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु ह्या सर्व उपदेशांत एक प्रश्न बहुधा विचारावयाचा राहून जातो. घरांत चार पैसे वांचले हें ऐकून आपणांस संतोष होतो. ते कोणाच्या वांट्यांतून वांचले हें मात्र आपण विचारीत नाहीं. पैसा आकाशांतून पडत नाहीं. तो शिल्लक राहिला याचा अर्थ कोणीतरी कांहींतरी खाल्लें नाहीं, नेसलें नाहीं किंवा घेतलें नाहीं. तें माणूस कोण, यावर त्या बचतीची नीति-अनीति पुष्कळ अंशीं अवलंबून आहे, असें आम्हांस वाटतें.

एक साधें घर डोळ्यांपुढें आणा. नवरा, बायको, दोन मुलगे, एक मुलगी व म्हातारी सासू. कोरडवाहू तीन एकर जमीन, बाकी मजुरी. पाऊस लांबला, कामें थांबलीं, तेव्हां घरधन्यानें ठरविलें कीं, आतां हात आंखडून चालावयाचें. त्याचें म्हणणें योग्यच आहे. दुसऱ्या दिवसापासून दुधाचा रतीब अर्धा झाला, डाळ पातळ झाली, आठवड्याच्या बाजारांतून भाजी कमी येऊं लागली. महिनाअखेर सहाशें रुपये शिल्लक पडले, आणि धन्यास वाटलें कीं, आपण सर्वांनीं मिळून काटकसर केली. आतां चुलीजवळ जाऊन पाहूं. धनी कामावर जाणारा, म्हणून त्याच्या ताटांत पूर्वीइतकेंच पडतें. मुलगे वाढीचे, म्हणून त्यांच्याही ताटास हात लागत नाहीं. अर्धें झालेलें दूध त्या दोघांस पुरतें. मुलीचें बंद होतें. म्हातारी आपण होऊनच म्हणते, मला भूक नाहीं. आणि सर्वांच्या मागून जेवणारी जी, ती पातेल्याच्या तळाशीं जें उरेल त्यांत भाकरी कालवून खाते, नाहींतर मीठ-मिरचीवर भागविते. ते सहाशें रुपये सहा माणसांनीं वांचविले नाहींत. ते तिघींनीं वांचविले, आणि त्यांतही अधिक भार एकीनें उचलला. हिशेबाच्या वहींत हें कोठेंच लिहिलेलें सांपडत नाहीं.

हें घर आम्हीं मनानें रंगविलें आहे, पण तें निराधार नाहीं. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळलें. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें. महाराष्ट्रांतही निम्म्याहून अधिक स्त्रिया ह्याच स्थितींत आढळल्या. याचें सर्व खापर ताटावर फोडतां येणार नाहीं, हें खरें. मासिक पाळी व बाळंतपण यांमुळें स्त्रीचें रक्त अधिक खर्च होतें. पण त्यावरून निघतें तें उलटच. जिचा खर्च अधिक तिच्या ताटांत अधिक पडावयास पाहिजे, आणि आपल्या घरांत पडतें कमी. रक्तास लोह मिळतें तें हिरव्या भाजींतून, कडधान्यांतून, मटण-मासळींतून. आणि काटकसर सुरू झाली म्हणजे पहिली कात्री लागते ती ह्यांसच. भाकरी कोणी कमी करीत नाहीं. म्हणून पोट भरलेलें दिसतें आणि रक्त आटत जातें.

अर्थशास्त्राच्या पंडितांनीं पुष्कळ काळ कुटुंबास एकच माणूस मानलें. घरांत इतकें उत्पन्न आलें, इतका खर्च झाला, इतकी शिल्लक राहिली. भिंतींच्या आंत वांटणी कशी झाली हें पाहण्याचें कारण त्यांस वाटलें नाहीं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत अमर्त्य सेन इत्यादिकांनीं हा समज हालविला. सेन यांस १९९८ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें हें पुष्कळांस ठाऊक असेल. एकाच छपराखालीं माणसांचें हित एकत्रही असतें व एकमेकांविरुद्धही असतें, आणि ज्याचा आवाज लहान त्याचा वांटा लहान होत जातो, असें त्यांनीं दाखविलें. त्यांचें आणखी एक निरीक्षण फार मार्मिक आहे. जिला जन्मभर कमी मिळालें तिला आपणांस कमी मिळतें हें पुष्कळदां जाणवतच नाहीं. तुझें स्वतःचें कसें काय, असें विचारलें तर ती घराचें कसें काय तें सांगते.

येथें कोणी म्हणेल कीं, आई स्वखुशीनें उपाशी राहते, त्यांत वाईट तें काय? त्यागास अन्याय म्हणावयाचें काय? हा आक्षेप वजनदार आहे व त्यास घाईनें उत्तर देऊं नये. लेंकराच्या तोंडीं घांस घालून स्वतः पाणी पिऊन निजलेल्या आयांवर ह्या देशानें कित्येक दुष्काळ निभावले आहेत. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडावयास गेलेल्या बायका आज आज्या होऊन अजून कांहीं घरांत आहेत, त्यांस विचारावें. अशा त्यागाचें मोल कमी करावें हें आमच्या मनांतही नाहीं. परंतु त्याग निराळा आणि संवय निराळी. त्याग म्हटला म्हणजे देणाऱ्यास ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक पाहिजे. जिला नाहीं म्हणतां येत नाहीं, म्हटलें तर घरांत तोंडें वांकडीं होतात, तिनें सोडलेल्या घांसास त्याग म्हणणें म्हणजे आपल्या डोळेझांकीस गोड नांव देणें होय. दुसरें असें कीं, त्याग प्रसंगापुरता असतो. पाऊस झाला, कणगी भरली, तरी जो संपत नाहीं आणि जो नेहमीं एकाच माणसाकडे जातो, त्यास घरांतील मंडळी त्याग समजतच नाहींत. ती त्या बाईची आवड आहे असें समजतात. ‘आईला शिळीच भाकर आवडते,’ हें वाक्य किती घरांत ऐकूं येतें! शिळी भाकर कोणास आवडत नसेल असें नाहीं. दुधांत कुसकरली म्हणजे ती लागतेही बरी. पण वीस वर्षें रोज आवडावी, आणि तीही दुधावांचून, हें जरा नवलाचें आहे.

याची परीक्षा करावयाची असेल तर जागा बदलून पाहावी. आज जी बचत तिच्या ताटांतून होते ती एक महिना धन्याच्या ताटांतून करूं, असें कोणीं सुचविलें, तर घरांतील माणसें काय म्हणतील? ‘त्यांना कष्टाचें काम, असें कसें चालेल?’ असें उत्तर आलें, तर ती बचत न्यायाची नव्हती हें त्याच उत्तरानें सिद्ध झालें. कारण पाणी वाहणें, खुरपणें, सरपण आणणें, धुणें धुणें, हीं कामें निजून होत नाहींत.

बचतीचें जें, तेंच दानाचें. अठराव्या शतकांतील जॉन वेस्ली यांचा पैशासंबंधींचा उपदेश मिळविणें, राखणें व देणें ह्या तीन पायऱ्यांवर उभा आहे. त्यांनीं आपल्या एका प्रवचनांत ऑक्सफर्ड येथील एका तरुणाची हकीकत दिली आहे. तो तरुण म्हणजे स्वतः तेच, असें सामान्यतः समजलें जातें. पहिल्या वर्षीं त्याची मिळकत ३० पौंड होती. त्यानें २८ पौंडांत भागविलें व २ पौंड दिले. दुसऱ्या वर्षीं मिळकत ६० पौंड झाली; तो २८ पौंडांतच राहिला व ३२ दिले. तिसऱ्या वर्षीं ९० आले त्यांतून ६२ गेले. चौथ्या वर्षीं १२० आले त्यांतून ९२ गेले. हें वाचून कोणाचेंही मन भरून येईल. तथापि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, तो तरुण एकटा होता. त्याची काटकसर त्याच्याच ताटांतून होत होती.

आतां आपल्याकडील रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें घर पाहा. टिळकांच्या हातीं पैसा टिकत नसे. दुसऱ्याची नड दिसली कीं घरची नड ते विसरत. लक्ष्मीबाईंनीं १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या आपल्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या आत्मचरित्रांत टिळकांबरोबरचा संसार अशा हंसतमुखानें सांगितला आहे कीं, वाचणाराही हंसतो. आणि पुस्तक मिटल्यावर त्याच्या ध्यानांत येतें कीं, कवीच्या औदार्याचा मेळ चुलीपाशीं दुसरेंच माणूस बसवीत होतें. टिळकांची थोरवी यानें उणी होत नाहीं. त्या थोरवींत लक्ष्मीबाईंचा वांटा किती होता, एवढेंच दिसतें. त्यांस लिहितां आलें म्हणून आपणांस हें कळलें. ज्या घरच्या बाईस लिहितां येत नाहीं तेथील मेळ कोणीं कसा बसविला, हें कोणासही कळत नाहीं.

साधारण माणसांत हा प्रकार अधिक हलक्या रूपानें दिसतो. अरिस्टॉटल यानें औदार्यास उधळेपणा व कृपणपणा ह्या दोहोंच्या मध्यें जागा दिली, आणि उधळा मनुष्य वयानें व दारिद्र्यानें सुधारेल, पण कृपण सुधारणार नाहीं, असें त्याचें मत होतें. एकच मनुष्य एकाच दिवशीं दोन्ही असूं शकतो हा विचार मात्र तेथें पुरेसा आलेला नाहीं. आपल्या गांवीं तो रोज पाहावयास सांपडतो. टपरीवर दहा जणांचा चहा स्वतःच्या नांवावर मांडणारा गृहस्थ घरीं येऊन विचारतो, तेल इतक्या लौकर कसें संपलें?

जो दोष घरांत तोच समाजांतही होतो. ज्याच्या हातीं कांहीं आहे, तो ज्याच्या हातीं कांहीं नाहीं त्यास काटकसर शिकवितो. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल करून त्यांच्या वह्या व कर्जरोखे हिसकून घेतले व जाळले. हें लोण पुणें व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गांवीं पसरलें. कुणबी लग्नांत व सणांत उधळतो म्हणून कर्जांत बुडतो, असें त्या काळच्या पुष्कळ शहाण्यांचें ठरलेलें मत होतें. सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळाचा अभिप्राय वेगळा पडला. लग्नकार्याच्या खर्चास ह्या बाबतींत फाजील महत्त्व दिलें गेलें आहे, असे प्रसंग क्वचितच येतात, आणि कित्येक वर्षांचा एकंदर खर्च पाहतां तो त्या स्थितींतील मनुष्यानें आपल्या सुखासमाधानासाठीं करणें वाजवी आहे त्याहून बहुधा अधिक होत नाहीं, असें मंडळानें नमूद केलें. खरें ओझें होतें तें धान्य, बीं, बैल व सरकारसारा यांकरितां वेळोवेळीं काढलेल्या लहान लहान रकमांचें, आणि त्यांवर चढत जाणाऱ्या व्याजाचें. १८७९ सालचा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा ह्या चौकशीनंतरचाच.

म्हणून उपदेश करणारांनीं, आणि त्यांत आमच्यासारखे लिहिणारेही आले, जपून बोलावें. जें घर आपली सर्व मिळकत धान्य, औषध व व्याज यांत घालवितें त्यास काटकसर सांगणें म्हणजे उपाशास उपवासाचें महत्त्व सांगणें होय. अर्थात् आजच्या मांडवांचा, ध्वनिवर्धकांचा व मानपानाचा थाट पाहिला असता तर त्या मंडळानें आपलें मत कायम ठेवलें असतें किंवा नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

इतकें म्हटल्यावर बचत नकोच, असें कोणी समजूं नये. मध्यरात्रीं लेंकरूं तापानें फणफणलें असतां डब्यांत पांचशें रुपये असणें आणि नसणें यांत फार अंतर आहे. नसले तर कोणाचें तरी दार ठोठवावें लागतें. आणि ज्याचें दार ठोठाविलें त्याच्यापुढें, मजुरीचा दर ठरवितांना व मत देतांनाही, मान खालीं घालावी लागते. शिल्लक म्हणजे पुष्कळ अंशीं ‘नाहीं’ म्हणण्याची शक्ति होय. मग ती शक्ति घरांतील एकाच माणसाच्या मुठींत राहावी, आणि जिच्या घांसांतून ती निर्माण झाली तिच्या हातीं नसावी, हें कसें?

बचतीचा भार सर्वांवर सारखा पडावा अशी एक रीत मिझोरामांतील मंडळ्यांत १९१० पासून चालत आली आहे. प्रत्येक वेळीं भात शिजविण्यापूर्वीं त्या घरची बाई मोजलेल्या तांदुळांतून एक मूठ काढते व वेगळ्या भांड्यांत टाकते. ‘बुहफाइ थम’ असें तिचें नांव. ते तांदूळ गोळा करून विकले जातात व मंडळीच्या कार्यास लागतात. त्यांतून आतां दरवर्षीं कोट्यवधि रुपये उभे राहतात. तेथें ती मूठ धर्मकार्याची आहे. आम्हांस येथें तिच्या रीतीकडे लक्ष वेधावयाचें आहे. मूठ कोणाच्या ताटांतून निघत नाहीं, पातेल्यांत पडण्यापूर्वीं निघते. म्हणून ती सर्वांची असते. मात्र एक पथ्य पाळलें पाहिजे. सर्वांनीं पोटभर जेवून उरलेल्यांत भागविण्याची पाळी एकटीवरच येत असेल, तर तीही मूठ शेवटीं तिच्याच घांसांतून गेली. म्हणून जेथें ही रीत चालवावयाची तेथें निदान रात्रीचें जेवण तरी सर्वांनीं बरोबर बसून करावें, म्हणजे पातेल्याचा तळ सर्वांस दिसेल.

आपल्याकडील बायकांची जुनी रीत निराळी. उतरंडीच्या तळच्या मडक्यांत, डाळीच्या डब्यांत, लुगड्याच्या घडींत त्या पैसे ठेवीत, आणि अजूनही ठेवितात. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां हे पैसे बाहेर काढून नवऱ्यापुढें ठेवणें कित्येकींस भाग पडलें. नवऱ्यापासून चोरून पैसे ठेवणें हें असत्य नव्हे काय, असें कांहीं सज्जन विचारितात. असेल. पण ज्या घरांत उघडी ठेविलेली शिल्लक संध्याकाळपर्यंत दारूच्या गुत्त्यावर पोहोंचते, तेथें लपविण्याचा दोष लपविणारीच्या माथीं मारणें आम्हांस जड जातें. जेथें असें व्यसन नाहीं तेथें मात्र लपविलेला डबा पाहून धन्यानें रागावण्यापूर्वीं स्वतःस विचारावें कीं, हा डबा माझ्यापुढें उघडण्याचें भय हिला कां वाटलें?

सातारा जिल्ह्यांतील म्हसवड येथें १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. तिच्या संस्थापिका चेतना सिन्हा सांगतात कीं, रस्त्याच्या कडेस राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईस पावसाळ्यासाठीं प्लास्टिकचें कापड घ्यावयाचें होतें, त्याकरितां थोडे थोडे पैसे सांठवावयाचे होते, आणि इतक्या लहान रकमेचें खातें उघडावयास कोणतीही बँक तयार होईना. बायकांनीं स्वतःची बँक काढण्याचा अर्ज केला तो प्रथम नामंजूर झाला. कारण अर्जावर पुष्कळ अंगठे होते. मग त्या बायका लिहावयास-वाचावयास शिकूं लागल्या, आणि रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढें पुन्हा जाऊन म्हणाल्या कीं, कोणत्याही रकमेचें व्याज आम्ही तोंडीं करून दाखवितों, तुमच्या माणसांस यंत्रावांचून करून दाखवूं द्या. त्यांस परवाना मिळाला. हिशेब त्यांस नवा नव्हताच. चार भाकऱ्यांच्या पिठांत सहा माणसें जेवूं घालणें हा हिशेबच आहे, आणि तो बराच अवघड आहे.

ज्या घरांत आतां काटकसर सुरू करावयाची आहे तेथें आमची सूचना इतकीच कीं, आवाज ज्याचा मोठा त्याच्या खर्चापासून आरंभ करावा. टपरीवरचा चहा व तंबाखू यांत रोजचे वीस रुपये गेले तर वर्षाचे ७,३०० होतात. त्यांतले निम्मे वांचले तरी पोस्टांत महिना तीनशें रुपयांचें आवर्ती ठेवीचें खातें चालेल; असें खातें शंभर रुपयांपासून उघडतां येतें, आणि तें बायकोच्या नांवें उघडण्यास कोणतीही हरकत नाहीं. त्यानंतर दिखाऊ खर्च पाहावा. दूध, डाळ, औषध व शाळा ह्यांस शेवटपर्यंत हात लावूं नये. लावणें भागच पडलें तर धन्याचें ताट आधीं व मुलीचें ताट सर्वांच्या मागून.

आणि वही ठेवावी. रविवारीं संध्याकाळीं सर्वांनीं ती मध्यें घेऊन बसावें. शाळेंत जाणारी मुलगी असेल तर तिनें लिहावें. आलें, गेलें व राहिलें हे तीन रकाने सर्व वह्यांत असतात. ह्या वहींत चौथा आंखावा: कोणाचें कमी केलें. पहिल्या आठवड्यांत त्या रकान्यांत काय लिहावें हें कोणास सुचणार नाहीं. आई म्हणेल, माझें कांहीं नाहीं, पुढें चला. तेव्हां पान उलटण्याची घाई करूं नये. मुलीस विचारावें, तिनें पाहिलेलें असतें.